‘जे बघता तेच दिसतं’ म्हणणाऱ्यांना

फोनवर जी जाहिरात दिसते ती फोनवाल्याच्या मनातलीच असते, असं हल्ली कॉलेजातल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. ‘तुम्ही जे बघता तेच दिसतं.’ हे वाक्य मी माझ्या लेकीच्या घरी, व्याह्यांच्या देखत ऐकून घेतलं. ते माझ्या बाबतीत खोटं होतं हे मी नंतर पुराव्यानिशी दाखवलं. पण ज्यांनी ते म्हटलं त्यांनी आजपावेतो ते मागे घेतलेलं नाही. तो सल मनात आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. ‘तुमच्या जवळच्या एकट्या महिला’ छापाच्या जाहिराती ज्यांच्या फोनवर न बोलावता येऊन बसतात आणि त्यापायी ज्यांना घरच्यांच्या नजरा सोसाव्या लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गेल्या मार्गशीर्षात थोरल्या भावाच्या मुलाचं केळवण लेकीने पुण्यात तिच्या घरी केलं. जेवणं उरकली होती. साखरपुड्याचे फोटो पुतणीने समाजमाध्यमावर टाकले होते, ते विहीणबाईंना बघायचे होते. माझ्या फोनचा पडदा मोठा, म्हणून मीच तो काढून दिला. फोन हातोहाती फिरू लागला. वरमाईची पैठणी, नवरीची नथ, मागची फुलांची सजावट असं एकेक बघता बघता विहीणबाईंचं बोट थांबलं. काही न बोलता त्यांनी फोन व्याह्यांकडे दिला. व्याह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

पडद्यावर हिरव्या साडीतली चाळिशीची एक बाई गालावर हात ठेवून हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘एकाकी वाटत आहे का? परिपक्व महिला आज रात्री तुमच्याशी बोलणे इच्छितात. विनामूल्य सामील व्हा.’

जावईबापूंनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला. ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवली आणि तेवढ्यावर न थांबता खालचं बटण दाबलं. एक पान उघडलं. ‘पुण्यातील १७ महिला आत्ता ऑनलाइन आहेत’ असं वर ठळक अक्षरांत आणि खाली फोटोंची रांग. हिरव्या साडीवाली त्यातही होती, तिच्यापुढे ‘२ किमी अंतरावर’ असं लिहिलेलं. पुतण्याच्या मित्रांनी टाळ्या पिटल्या. त्यांतला एक म्हणाला, ‘काकांचं पण केळवण करायला लागणार!’ सगळी बैठक हसली. विहीणबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

मी म्हणालो, ‘अहो, हे आपोआप येतं. मी असलं काही कधी उघडलेलं नाही.’ त्यावर जावईबापू शिकवणीच्या सुरात म्हणाले, ‘बाबा, आपोआप काही येत नसतं. अल्गोरिदम असतं ते. आपण जे बघतो तेच ते दाखवतं.’ जावईबापू हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, त्यामुळे निकाल तिथल्या तिथे लागला. माझं म्हणणं कुणी कानावरही घेतलं नाही.

हसण्याचं मी सोडून दिलं असतं. लग्नघरात थट्टामस्करी चालायचीच. पण संध्याकाळी सांगलीची गाडी पकडायला निघालो तेव्हा लेकीने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटे पडलात हे कळतं मला. पण काही वाटलं तर मला सांगायचं ना. हे असं कशाला?’ तिच्या स्वरात राग नव्हता, कीव होती. हिच्या आईच्या आजारपणात पथ्याचं रांधण्यापासून औषधांच्या वेळा पाळण्यापर्यंत सगळं मी कसं केलं हे या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. तिनेही नवऱ्याचं एक वाक्य ऐकलं आणि बापाचं ऐकायची गरज तिला वाटली नाही. सांगलीपर्यंतचा प्रवास कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

पुढे चार दिवसांत थोरल्या वहिनींचा कोल्हापूरहून फोन आला. ‘भावोजी, मनात असेल तर उघड सांगा. आपण रीतसर स्थळ बघू.’ म्हणजे ती गोष्ट पुण्याहून कोल्हापूरला पोचली होती.

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली. कालव्याला पाणी कमी-जास्त झालं तर आधी गेजची नोंदवही बघायची आणि मगच कुणावर ठपका ठेवायचा, अशी तिथली शिस्त. फोनमध्येही नोंदी असणारच, असं धरून मी बसलो. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुन्हा तीच हसाहशी.

समाजमाध्यमावरच्या प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. त्यांवर बोट ठेवलं की ‘ही जाहिरात मला का दिसते आहे’ अशा अर्थाची एक ओळ येते. ती मी दाबली. हिरव्या साडीवालीचीच जाहिरात होती. आत लिहिलं होतं की या जाहिरातदाराला पुढील लोकांपर्यंत पोचायचं आहे: वय ५० ते ६५ व त्यापुढील, पुरुष, भारतात राहणारे. बस्स. चौथी ओळ नव्हती. मी काय शोधलं, काय वाचलं, कुठे थांबलो, यातलं काहीही नव्हतं. मी पानाच्या तळापर्यंत जाऊन पुन्हा वर आलो. खरोखरच तेवढंच होतं.

पन्नाशी ओलांडलेला पुरुष आणि भारतात राहणारा. या यादीत जावईबापूंचे वडील बसतात. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात प्रवचन करणारे महाराज बसतात. माझी बायको हयात असती तरी मी या यादीत बसलोच असतो. त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच मस्तकात तिडीक गेली. एवढी साधी गोष्ट, तीन टिंबांच्या आत लिहिलेली, आणि भर बैठकीत अल्गोरिदम समजावून सांगणाऱ्या माणसाला ती उघडून बघावीशी वाटली नाही?

आणखी खोदलं. त्याच ठिकाणी जाहिरातींच्या सेटिंग्जमध्ये आपण अलीकडे कोणत्या जाहिराती दाबल्या याचीही यादी असते. माझ्या यादीत एक प्रेशर कुकर, एक काशी यात्रेची सहल, गुडघ्याचा पट्टा आणि ओळखी जुळवणारी ही एकच जाहिरात. तारीख केळवणाची. म्हणजे माझ्या फोनवरून असली जाहिरात उघडली गेली ती एकदाच, आणि तेव्हा फोन कुणाच्या हातात होता हे सगळ्या बैठकीने बघितलं होतं.

मग पुण्याहून परतल्यावर त्या जाहिरातींचा लोंढा का आला तेही उलगडलं. ‘जे बघता तेच दिसतं’ यात तथ्य आहे ते इथे. सुरुवातीला जाहिरात येते ती वय, लिंग, गाव असल्या ढोबळ खुणांवर. पण एकदा का ती दाबली, किंवा तिच्यावर बराच वेळ थांबलं, की यंत्रणा तेवढं टिपून ठेवते आणि तसल्याच आणखी पाठवते. आधी कधीमधी दिसणारी जाहिरात त्या दुपारनंतर दर पाच-सहा फोटोंआड दिसू लागली. जावईबापूंनी गंमत म्हणून एक बटण दाबलं, आणि ज्याने काही दाबलं नव्हतं त्या माझ्या नावावर ती सगळी वरात निघाली.

गावाचा प्रकारही तपासला. ते पान मी सांगलीत घरच्या वायफायवर उघडलं तर ‘सांगलीतील १७ महिला’. वायफाय बंद करून सिमकार्डाच्या नेटवर उघडलं तर ‘मुंबईतील १७ महिला’. बाई तीच, साडी तीच, अंतर तेच २ किमी. आपलं नेट कुठल्या पत्त्यावरून येतं त्यावरून ते पान गावाचं नाव चिकटवतं. मोबाइल नेटचा पत्ता पुष्कळदा कंपनीची यंत्रं असलेल्या मोठ्या शहराचा निघतो, म्हणून कृष्णाकाठी बसलेल्या माणसाला मुंबईतल्या बायका दोन किलोमीटरवर दिसतात. हे दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवून ज्याला दाखवावेत तो पोट धरून हसतो. हसावं असंच आहे ते. पण हसण्याचा विषय ती जाहिरात आहे, तो फोनवाला नव्हे.

आणि ती बाई? गूगल लेन्सने तिचा फोटो शोधला तेव्हा ती एका साडीविक्रीच्या पानावर सापडली. तीच हिरवी साडी, तोच गालावर हात, खाली किंमत. बिचारीने साडीसाठी फोटो काढून घेतला असेल. आपण गावोगावच्या म्हाताऱ्यांना ‘आज रात्री’ बोलायला बोलावतो आहोत याचा तिला पत्ताही नसेल. तिच्या घरी तो कुणी बघितला तर तिला काय ऐकावं लागेल, या विचाराने मला माझ्यापेक्षा तिच्याबद्दल जास्त वाईट वाटलं. हा चोरीचा धंदा नवा नाही. २००९ साली अमेरिकेत एका गृहस्थाला फेसबुकवर ओळखी जुळवणाऱ्या जाहिरातीत चक्क स्वतःच्या बायकोचा फोटो दिसला होता. २०१३ साली कॅनडात तर त्याहून भयंकर झालं. छळाला कंटाळून जीव दिलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो ‘कॅनडात प्रेम शोधा’ अशा जाहिरातीवर झळकला. फेसबुकने माफी मागितली, जाहिरातदाराला बंदी घातली. त्या आईबापांनी तो फोटो बघितला तो बघितलाच.

हे सगळे पडदे टिपून, तारखांखाली रेघा मारून, मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली स्वच्छ लिहिलं, ‘बघा आणि काय ते बोला.’ जावईबापूंनी अंगठा दाखवला. पिवळा अंगठा, बाकी एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, ‘बाबा, आता किती ताणता? सोडा ना तो विषय.’ विषय मी काढला नव्हता. पण ज्याच्यावर आळ येतो त्याने तो खोडून काढला की तोच ताणतो असं म्हणायची आपल्या घरांतून पद्धत आहे.

आता मूळ धंद्याबद्दल. अशा जाहिराती कुणीही उठून द्याव्यात असा नियम नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी डेटिंगच्या जाहिरातींसाठी आधी लेखी परवानगी मागते, गूगलही जाहिरातदाराला आधी प्रमाणपत्र घ्यायला लावतं. तरी चोरवाटेने येणारे येतात. एक पान बंद झालं की दुसऱ्या नावाने दुसरं उघडतं. पलीकडच्या बायका खऱ्या असतात का, याचं उत्तर अमेरिकेतल्या खटल्यांत मिळतं. इंग्लंडमधल्या जेडीआय डेटिंग या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली कारवाई केली. ही कंपनी स्वतःच खोट्या प्रोफाइल तयार करून नव्या माणसाला ‘कुणीतरी तुम्हाला संदेश पाठवलाय’ असं कळवायची आणि तो वाचायला पैसे भरायला लावायची. सहा लाख सोळा हजार डॉलर तिला मोजावे लागले. मॅच ग्रुपसारख्या मोठ्या कंपनीवरही याच आयोगाने २०१९ साली दावा लावला. फसवी म्हणून कंपनीलाच ज्यांचा संशय होता अशा खात्यांकडून आलेल्या ‘पसंती’ दाखवून लोकांना वर्गणी भरायला लावली, हा त्यातला मोठा आरोप होता. २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. नावाजलेल्यांची ही कथा, तर नाव-गाव नसलेल्या पानांवरच्या त्या १७ महिलांचं काय सांगावं?

हे मी कुटुंबाच्या मानापमानापुरतं ठेवलं असतं. पण आयर्विन पुलाजवळ संध्याकाळी आमचा चार-सहा जणांचा कट्टा असतो. तिथे मी माझी हकीकत सांगितली, तेव्हा एक स्नेही गप्प गप्प झाले. सगळे उठून गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. त्यांनीही अशीच एक जाहिरात उघडली होती. पत्नी बिछान्याला खिळलेली, मुलगा परदेशात, बोलायला माणूस नाही. आधी एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, ते फुकट. मग बोलण्यासाठी नाणी. मिनिटाला अमुक नाणी, नाणी संपली की पलीकडचा गोड आवाज मधेच तुटणार आणि भरणा करण्याचा पडदा समोर येणार. इथवर थोडकी रक्कम गेली. मग एका रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. त्यांनी उचलला तर समोर एक उघडी बाई. पाच-दहा सेकंदांत त्यांनी बंद केला. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा आणि ते दृश्य एकत्र टिपून झालं होतं. दुसऱ्या दिवशी ‘दिल्ली क्राइम ब्रँचमधून’ फोन. तिसऱ्या दिवशी ‘यूट्यूबचा अधिकारी’, व्हिडिओ काढून टाकायची फी म्हणून. त्यांनी मुदत ठेव मोडली. पैसे दिले की आणखी मागायचे, असं चालू राहिलं.

मी विचारलं, अहो, आधी का नाही बोललात? ते म्हणाले, ‘तुमच्या नुसत्या जाहिरातीवरून गावभर हसले लोक. माझं ऐकून काय म्हणाले असते?’

हे ऐकल्यापासून माझा राग माझ्यापुरता राहिलेला नाही. या भामट्यांचं अर्धं काम आपले हसणारे नातेवाईक करून ठेवतात. माणूस गप्प बसतो आणि तो गप्प आहे तोवर त्याला पिळता येतं. त्या स्नेह्यांना घेऊन मी सायबर पोलीस ठाण्यात गेलो, तक्रार नोंदवली, त्यानंतर धमक्यांचे फोन बंद झाले. आधी गेलेले पैसे मात्र परत आलेले नाहीत.

तेव्हा ज्याला हे टाळायचं आहे किंवा यातून सुटायचं आहे त्याने काय करावं, ते सांगतो.

जाहिरात दिसली की ती दाबू नका आणि घाबरून फोन बाजूलाही टाकू नका. तीन टिंबं दाबा, कारणाचं पान उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरात कुणी बोट दाखवलं तर हाच तुमचा कागद आहे. मग तिथेच ‘जाहिरात लपवा’ आणि ‘तक्रार करा’ असे दोन पर्याय असतात, ते दोन्ही करा. जाहिरातींच्या सेटिंग्जमध्ये त्या जाहिरातदाराचं नाव शोधून त्यालाही कायमचं लपवता येतं. एकदा करून भागत नाही, दर आठवड्याला नवं नाव निघतं. पण दोन-तीन आठवडे चिकाटीने केलं की ओघ खरोखर आटतो. माझा आटला.

गूगलच्या खात्यात ‘माय ॲड सेंटर’ नावाचा भाग आहे. त्यात मद्य, जुगार, वजन घटवणं अशा विषयांसोबत डेटिंगच्या जाहिराती कमी दाखवा असं सांगायची सोय आहे. यूट्यूबवर भजन ऐकताना मध्येच येणाऱ्या जाहिरातींसाठी ते बटण उपयोगी पडलं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधलंत तर ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ सापडेल. तो क्रमांक पुसला की वेगवेगळ्या ॲपना तुमचा माग जुळवणं अवघड जातं.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. केळवणाच्या दिवसापासून माझ्या फोनवर अवेळी टिंग वाजून ‘प्रियाने तुम्हाला फोटो पाठवला आहे’ असले निरोप येत होते. एकदा तर एकादशीच्या भजनात वाजलं. मला वाटे हेही समाजमाध्यमावरूनच येतंय. नव्हतं. ते उघडलेलं पान ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं सांगतं, आणि अलाउ दाबलं की त्या संकेतस्थळाला तुमच्या फोनवर हवे तेव्हा निरोप पाठवायची मुभा मिळते. ते पान बंद केलं तरी मुभा राहतेच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’, तिथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची नावं दिसतात. अनोळखी दिसेल ते सरसकट काढून टाका. माझ्याकडच्या यादीत एकच परकं नाव होतं. ते काढल्यावर प्रिया गेली ती गेलीच.

‘पहिले सात दिवस फक्त १ रुपया’ दिसलं की समजा तो रुपया महत्त्वाचा नाही, त्याबरोबर तुम्ही यूपीआय ऑटोपेला दिलेली मंजुरी महत्त्वाची आहे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाखाली अशा मंजुऱ्यांची यादी असते, तिथूनच रद्द करता येतात. ॲप फोनमधून काढलं म्हणून मंजुरी रद्द होत नाही. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा बँकेचे मेसेज न वाचता पुसू नका. वर्गणीत अडकवून ठेवणं हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्यांच्या यादीत घातला आहे. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर करता येते.

अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलू नका, अनोळखी लिंक दाबू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. उचलला गेलाच आणि धमकी आली तर एक पैसाही देऊ नका. पोलीस असा फोनवर पैसा मागत नाहीत. असं मागणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. नंबर, मेसेज, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, काहीही पुसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

हिरव्या साडीवालीसारखा आपला फोटो चोरीला जाऊ नये म्हणून बायाबापड्यांनी आपल्या खात्याला ‘प्रोफाइल लॉक’ लावावं. फेसबुकने ही सोय भारतात २०२० पासून दिली आहे. आपला फोटो कुठल्या जाहिरातीत दिसलाच तर घाबरून गप्प बसू नका. समाजमाध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. दाद लागली नाही तर केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, तिच्याकडे तीस दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि फोन उघडा करून कुणाच्या हातात देऊ नका. जावई असला तरी. फोटो दाखवायचे तर आपण हातात धरून दाखवा.

एक बाजूचं पण मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. उतारवयात सोबत हवीशी वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. मला ती नको आहे, हा माझा निर्णय. ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी पुण्यात माधव दामले यांच्या ‘हॅपी सीनियर्स’सारखी संस्था आहे. तिथे माणसं समोरासमोर भेटतात, नाव-गाव सांगतात, घरच्यांना कळवून ठरवतात. असं उघड दार असताना एकाकी माणसाला त्या १७ खोट्या महिलांच्या तावडीत ढकलतं ते त्याच्या घरातलं हसणं.

तरुण मंडळींना एवढंच सांगतो. आईबापांच्या, सासऱ्यांच्या फोनवर असली जाहिरात दिसली तर ती वाचून दाखवू नका. तीन टिंबं दाबून लपवा, दोन सेटिंग्ज बदलून द्या आणि फोन परत करा. त्यांनी काही सांगितलं तर ते खरं धरून ऐका. आणि ज्यांचे पैसे गेले आहेत, ज्यांना अजून धमकीचे फोन येताहेत, त्यांनी आज, आत्ता १९३० लावा. घरचे काय म्हणतील ते उद्या बघता येईल.